भाव नुसता विचारू नका, लिहून मागवा!
घाऊक खरेदीत कोटेशन कसे घ्यावे : मार्केट यार्डातील एका काट्याने शिकवलेला धडा

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाटे भाजीपाल्याचे व्यवहार आटोपत आले, की भुसार विभागाचे गाळे उघडू लागतात. अशाच एका सकाळी आम्ही तिथे एक टेम्पो उभा करून होतो. टेम्पोत मल्चिंग पेपरचे ६० रोल होते. पुरंदर तालुक्यातील एका गावातील २२ शेतकऱ्यांनी मिळून टोमॅटो आणि कलिंगडासाठी ते मोबाईलवरून मागवले होते. माल ट्रान्सपोर्टच्या गोदामातून उचलला होता आणि दिवे घाटाच्या वाटेने गावी न्यायचा होता.

गटातील एक वयस्कर शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी एक रोल उचलून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ह्यो हलका लागतोय." मी म्हटले, "आबा, नवीन माल हलकाच येतो आता." आबांचे समाधान झाले नाही. भुसार विभागात त्यांच्या ओळखीचे एक तोलार होते. त्यांच्याकडे जाऊन आबांनी रोल काट्यावर ठेवला. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीसह वजन भरले ९ किलो ३०० ग्रॅम. एक नळी मोकळी करून वेगळी तोलली, ती अर्धा किलो. म्हणजे कागद ८ किलो ८०० ग्रॅम.

तोलार म्हणाले, "पाव्हणं, बिलावर वजन किती लिवलंय?" बिलावर वजन लिहिलेलेच नव्हते. फक्त "मल्चिंग फिल्म, ६० नग" एवढाच मजकूर होता.

मायक्रॉनचा हिशेब सोपा आहे. रोलची रुंदी मीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये आणि मायक्रॉन यांचा गुणाकार करायचा, त्याला ०.९२ ने गुणायचे आणि १००० ने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे किलोतील वजन. आमचा रोल १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब आणि २५ मायक्रॉनचा ठरला होता. त्याचे वजन ११ किलोच्या आसपास हवे. ८ किलो ८०० ग्रॅम म्हणजे कागद जेमतेम २० मायक्रॉनचा! ६० रोलांत मिळून १३२ किलो प्लास्टिक कमी आले होते.

शेतकरी बंधूंनो, ही खरेदी माझ्या सल्ल्याने झाली होती. चार ठिकाणचे भाव मीच पाहिले होते आणि सर्वांत कमी भावावर बोटही मीच ठेवले होते. म्हणून आज हा विषय दुसऱ्या कोणाची चूक म्हणून लिहीत नाही. स्वतःची चूक म्हणून लिहितो आहे.

स्वस्त भाव महाग कसा पडला?

मोबाईलवर भाव दिसत होता रोलला १,५२० रुपये. मार्केट यार्डाच्या परिसरातील एका व्यापाऱ्याने सांगितला होता १,८९० रुपये. गटातील पोरे म्हणाली, "साहेब, तिकडं पंधराशे वीस हाय, मग इथं एकोणीसशे कशापायी द्यायचं?" मलाही ते पटले.

परंतु १,५२० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागला, २७३ रुपये ६० पैसे. ट्रान्सपोर्टचे भाडे ५,४०० रुपये झाले, म्हणजे रोलमागे ९० रुपये. गोदामापासून गावापर्यंत टेम्पोचे ३,००० रुपये, रोलमागे ५० रुपये. एकूण रोल पडला १,९३३ रुपये ६० पैशांना. यार्डाजवळच्या व्यापाऱ्याचे १,८९० रुपये मात्र करासहित आणि गावात पोहोच होते. म्हणजे ६० रोलांवर २,६१६ रुपये जास्त देऊन आम्ही "स्वस्त" माल आणला होता.

आता वजनावर हिशेब करा. आलेला कागद किलोला साधारण २२० रुपयांना पडला. ११ किलोचा रोल १,८९० ला घेतला असता तर तोच किलोला साधारण १७२ रुपये पडला असता. आणि पातळ कागद हंगाम संपायच्या आत काही शेतांत फाटला, तणाने डोके वर काढले, खुरपणीची मजुरी वाढली ती वेगळीच.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर मिळाले, "आम्ही २५ मायक्रॉन लेखी कुठे दिले होते?" खरेच दिले नव्हते. आम्ही मागितलेच नव्हते. पैसे मात्र सगळे आगाऊ भरून बसलो होतो.

गाळ्यावरची रीत आणि मोबाईलवरची रीत

जुने शेतकरी सांगतात, पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरायचा. मालधन्याला कळायचे नाही की आपला माल काय भावाने गेला. म्हणूनच १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड्या बोलीला, खऱ्या वजनाला आणि लेखी पट्टीला महत्त्व दिले. पट्टीवर नग, वजन, भाव आणि कापलेला खर्च वेगवेगळा दिसतो. म्हणूनच तिच्यावर भांडता येते.

भुसार गाळ्यावर घाऊक खरेदी करणारा किराणा दुकानदार कधी नुसता "काय भाव?" विचारत नाही. तो आधी नमुना हातात घेतो. मग विचारतो : भाव गाळ्यावरचा की पोहोच? रोखीचा की उधारीचा? बारदान धरून वजन की सोडून? हमाली, तोलाई कोणाकडे? किती पोती घेतली तर काय भाव? आणि हा भाव किती दिवस राहील? पाच मिनिटांत त्याची सहा प्रश्नांची उत्तरे घेऊन होतात.

ऑनलाइन घाऊक बाजारात "कोटेशन मागवा" किंवा "चौकशी पाठवा" असे जे बटण असते, त्याचा अर्थ हाच आहे. किरकोळ मालाला छापील किंमत असते. घाऊक मालाला नसते. नग वाढले, अंतर बदलले, पैसे देण्याची पद्धत बदलली की भाव बदलतो. म्हणून आधी चौकशी, मग लेखी भाव, मग मागणी असा क्रम असतो. पडद्यावर जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा बोलावण्याचा भाव असतो, देण्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंडियामार्टसारखे मंच १९९६ पासून देशात आहेत. तिथे आपली चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते आणि मग फोन येऊ लागतात. पण असा मंच म्हणजे बाजाराचे आवार आहे, दुकान नव्हे. माल देणारा, बिल करणारा आणि जबाबदार धरायचा तो विक्रेता निराळा असतो. आवारात गाळा आहे एवढ्यावरून गाळेवाला प्रामाणिक ठरत नाही, हे यार्डात जितके खरे तितकेच मोबाईलवर खरे.

चौकशीपत्राचा नमुना

पुढच्या वर्षी आमच्या गटाने बैठक घेतली आणि खालीलप्रमाणे चौकशी लिहून काढली. ती जशीच्या तशी सहा विक्रेत्यांना पाठवली. आपणही वहीत उतरवून ठेवावी :

"आमच्या शेतकरी गटास खालील माल हवा आहे. कृपया लेखी कोटेशन पाठवावे.
१. माल : मल्चिंग फिल्म, काळी-चंदेरी, २५ मायक्रॉन, रुंदी १.२ मीटर, लांबी ४०० मीटर.
२. नळी सोडून एका रोलचे निव्वळ वजन किती किलो, ते लिहावे.
३. नग : ६०. नग १०० झाल्यास भाव काय, तेही लिहावे.
४. भाव कराशिवाय आणि करासहित, असा वेगवेगळा लिहावा.
५. माल गावात पोहोच देण्याचा एकूण खर्च लिहावा. उतराईची हमाली कोणाकडे, ते स्पष्ट करावे.
६. मागणी दिल्यापासून किती दिवसांत माल पोहोचेल?
७. आगाऊ रक्कम किती आणि बाकी केव्हा?
८. वजन किंवा जाडी कमी भरल्यास माल परत घेणार का? परतीचे भाडे कोणाचे?
९. हा भाव कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील?
१०. आपला जीएसटी क्रमांक, पत्ता आणि बँक खाते कोणाच्या नावावर, ते द्यावे.
प्रथम एक रोल नमुना म्हणून विकत पाठवावा."

सहापैकी चौघांनी उत्तर दिले. त्यातील दोघांनी वजन लिहून द्यायचे टाळले. त्या दोघांना आम्ही लगेच बाजूला केले. जो वजन लिहायला कचरतो, त्याचा भाव पाहण्यात अर्थच नाही.

क्रेटच्या बाबतीत लांबी-रुंदी-उंची, रिकाम्या क्रेटचे वजन आणि नवा दाणा की पुनर्वापराचा दाणा, हे विचारावे. अंजीर, सीताफळाच्या खोक्यांसाठी पुठ्ठा तीनपदरी की पाचपदरी, कागदाचे जीएसएम किती, छपाईचा खर्च धरून की सोडून, हे विचारावे. तत्त्व एकच : जे मोजता येते ते सर्व लिहून घ्यावे. "एक नंबर", "बेस्ट क्वालिटी", "एक्स्पोर्टचा माल" या शब्दांना काट्यावर वजन नसते.

तुलना पोहोच भावाची करा

कोटेशने आली, की आकडे जसे आले तसे शेजारी-शेजारी ठेवू नयेत. आधी प्रत्येकाचा गावातील पोहोच भाव काढावा. मूळ भाव, अधिक कर, अधिक भाडे, अधिक हमाली, भागिले चांगले नग. मग शक्य असेल तिथे तो किलोवर किंवा चौरस मीटरवर आणावा. तेव्हाच सारखी तुलना होते.

कराबाबत एक समजून घ्यावे. ज्याची जीएसटी नोंदणी आहे, त्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काही अटींवर मिळते. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याला ती मिळत नाही. त्याच्यासाठी कर हा सरळ खर्च आहे. कराचे दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार सिंचनाच्या साहित्यासह बऱ्याच वस्तूंचे दर कमी झाले. तेव्हा जुन्या कोटेशनवर विसंबू नये.

उधारीच्या मोहातही सांभाळावे. महिनाभराच्या उधारीसाठी भावात शेकडा चार रुपये वाढवून लावले, तर ते व्याजच झाले. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा मागवला की ते व्याज उघडे पडते.

पैसे देण्यापूर्वी

विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा अंक २७. त्यापुढील दहा अक्षरे म्हणजे त्याचा पॅन. हा क्रमांक जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकला की नोंदणीचे नाव आणि ती चालू आहे की रद्द झाली, ते फुकटात दिसते. तिथले नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नये. "कंपनीचे खाते बंद आहे, माझ्या वैयक्तिक नंबरवर टाका" असे कोणी म्हणाला, तर तिथेच व्यवहार थांबवावा.

सगळी रक्कम आगाऊ देण्याची गरज बहुधा नसते. थोडी मागणीबरोबर, थोडी माल निघताना आणि उरलेली माल मोजून, तोलून घेतल्यावर, अशी वाटणी करून मागावी. मोठ्या मालाच्या वाहतुकीला ई-वे बिल लागते. परराज्यातून येणारा माल ५० हजार रुपयांपेक्षा जास्त असेल, किंवा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापेक्षा जास्त असेल, तर त्याची प्रत मागून घ्यावी. माल खरोखर निघाला आहे की नाही, ते त्यावरून कळते.

फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

माल उतरवताना

ड्रायव्हर घाई करतो. "सही करा, मला पुढं जायचंय," म्हणतो. त्या वेळी दोन माणसे मोजायला आणि एक माणूस काट्यावर ठेवावा. साठांतले निदान पाच-सहा नग कुठलेही उचलून तोलावेत. वरचेच उचलू नयेत. फुटलेले, ओले, कमी भरलेले नग बिल्टीवर आणि पोहोचपावतीवर लिहून मगच सही करावी. कोरी सही झाली की माल बिनतक्रार मिळाला असे धरले जाते. मोबाईलवर फोटो काढावेत, त्यात काट्याचा आकडा दिसला पाहिजे.

आणि तक्रारीचा हक्क? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल बसत नाही. परंतु स्वतःच्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी माल घेणारा हा ग्राहकच आहे. बियाण्यांच्या एका खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले आहे. म्हणून गटाने घेतलेला माल कोणत्या सभासदाने, किती, कोणत्या शेतासाठी घेतला, याची यादी आणि बैठकीचा ठराव जपून ठेवावा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन विक्री मंचाला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करणे २०२० च्या नियमांनुसार त्याच्यावर बंधनकारक आहे.

बियाणे, खते, औषधे यांची गोष्ट निराळी

क्रेट आणि कागद कोणीही विकू शकतो. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांना परवाना लागतो. कीटकनाशकांच्या ऑनलाइन विक्रीस नोव्हेंबर २०२२ मधील नियम दुरुस्तीने परवानगी मिळाली, पण ती परवानाधारक विक्रेत्यालाच. तेव्हा परवाना क्रमांक बघितल्याशिवाय औषध मागवू नये. अनुदानित खत परवानाधारक दुकानातील पॉस यंत्रावर नोंद होऊनच मिळते. "मोबाईलवर ट्रकभर युरिया स्वस्तात" अशी जाहिरात आली तर ती खोटी समजावी. बियाण्याची पिशवी, त्यावरील टॅग, लॉट नंबर आणि पक्के बिल पीक घरात येईपर्यंत जपावे. गटाने स्वतः या निविष्ठा विकायला घ्यायच्या तर गटालाही परवाना काढावा लागतो.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव यांनाही हे लागू आहे. सरकारी खरेदीसाठी २०१६ पासून जेम नावाचा शासकीय ऑनलाइन बाजार आहे. तिथे लहान रकमेची खरेदी थेट, त्यापुढे विक्रेत्यांची तुलना करून आणि मोठी खरेदी बोलीने होते. रकमांच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून पंचायत समितीकडून ताजा शासन निर्णय पाहूनच प्रकरण करावे.

परंतु नियमाच्या पलीकडचे एक सांगतो. तीन कोटेशने फायलीला लावायची म्हणून एकाच दुकानदाराकडून तीन लेटरहेडांवर आणवली, तर कागद पुरा होतो आणि गावाचा पैसा बुडतो. तिन्ही विक्रेत्यांना एकाच दिवशी, एकाच तपशिलाची चौकशी लेखी पाठवली पाहिजे. पथदिवा घ्यायचा तर वॅट, हमी किती वर्षांची, बसवण्याचा खर्च धरून की सोडून, हे सर्वांना सारखेच विचारले पाहिजे. असे केले तर लेखापरीक्षणातही घाबरायचे कारण राहत नाही.

उद्या आपल्यालाच कोटेशन द्यायचे आहे

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्यावरील नियमन राज्याने २०१६ मध्ये उठवले. आज हॉटेलवाले, मॉल, प्रक्रिया कारखाने शेतकरी कंपन्यांना विचारतात, "रोज पाचशे किलो टोमॅटो, काय भाव द्याल?" त्या वेळी आपण "बाजार असेल तसा" म्हणतो आणि गिऱ्हाईक निघून जाते.

आपणही लेखी उत्तर द्यावे. प्रत कोणती, एका किलोत फळे किती, रोजचे नग किती, भाव बांधावरचा की पोहोच, किती दिवस कायम, पैसे किती दिवसांत, नाकारलेला माल कोणी आणि कुठे मोजायचा. भाव ठरवताना मार्केट यार्डातील रोजचे दर पाहावेत. पुणे बाजार समितीचे आणि पणन मंडळाचे दर मोबाईलवर मिळतात. "यार्डातील त्या दिवसाच्या सरासरी दरावर किलोला इतके जादा" असाही करार करता येतो. त्यात दोघांचेही फारसे नुकसान होत नाही.

शेवटी काय झाले?

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने माल कुठून घेतला, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. तो मोबाईलवरूनच घेतला. यार्डाजवळच्या व्यापाऱ्याचे कोटेशन चांगले होते, पण एका ऑनलाइन विक्रेत्याने वजन लिहून दिले, नमुना पाठवला, पोहोच भाव रोलमागे थोडा कमी दिला आणि निम्मी रक्कम माल तोलल्यावर घेण्यास तयार झाला. म्हणजे दोष मोबाईलचा नव्हता. दोष आपल्या अर्धवट चौकशीचा होता.

पहिल्या वर्षीचे नुकसान मात्र भरून आले नाही. गटातील दोघे जण पुढच्या खरेदीत आलेच नाहीत. पैशांपेक्षा मला त्याचेच जास्त वाईट वाटते. एकत्र खरेदी करायला माणसे मुश्किलीने जमतात आणि एका हलक्या रोलने पांगतात.

माल आला त्या दिवशी आबा स्वतः काटा घेऊन टेम्पोपाशी उभे होते. पहिला रोल ठेवला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "साहेब, आता करा सही."

तेव्हा बंधूंनो, येत्या हंगामाची खरेदी करण्यापूर्वी गावात एक बैठक घ्या, चौकशी लिहा, पाच-सहा ठिकाणी पाठवा आणि काटा तयार ठेवा.